हातात कोणता जॉब आहे?

रोबोटला एकच जॉब (मशीनवर घडवायचा सुटा भाग) उचलून मशीनमध्ये लावायला शिकवणं फारसं अवघड नसतं. पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा रिमोट, हातात घ्यायचा, रोबोटचा हात सावकाश जॉबपाशी न्यायचा, पॉइंट घ्यायचा, ग्रिपर (हाताची पकड) बंद करायचा, जॉब वर उचलायचा आणि पुढचा पॉइंट घ्यायचा. थोड्याच दिवसांत रोबोट फिरू लागतो, मालक मोबाइलवर व्हिडिओ काढतात, पेढे वाटले जातात. खरी परीक्षा महिन्याभराने येते. प्रॉडक्शनवाले येऊन सांगतात, “उद्यापासून दुसरा जॉब लावायचा आहे.”

नेरळला राहणाऱ्या एका रोबोट प्रोग्रामरची बहुतेक नोकरी या ‘दुसऱ्या जॉब’मध्येच गेली. कर्जतला गाडी बदलून खोपोली लोकल पकडायची आणि खालापूर तालुक्यातल्या कारखान्यांत जायचं, नाहीतर घाट चढून तळेगाव, चाकण, भोसरी गाठायचं, कधी उलट दिशेला बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत. सुरुवात त्यांनी आयटीआय फिटर म्हणून केली. व्हर्निअर आणि फाइल आधी हातात आली, पेंडंट खूप नंतर. हा क्रम योग्यच होता, असं ते आजही आग्रहाने सांगतात.

जगातला पहिला औद्योगिक रोबोटही जॉब उचलण्यासाठीच बसवला गेला होता. युनिमेट त्याचं नाव. जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, जोसेफ एंगलबर्गर यांनी त्यावर धंदा उभा केला, आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेले भाग काढू लागला. हालचालींच्या पायऱ्या चुंबकीय ड्रमवर नोंदलेल्या असत. एकाच प्रकारचा भाग दिवसभर, महिनोन्‌महिने निघत असेल तर एवढं पुरतं.

आपल्याकडे बहुतेक छोट्या-मध्यम कारखान्यांत तसं नसतं. सुटे भाग बनवणारा कारखानदार तीन-चार गाडी कंपन्यांना माल देतो. सोमवारी एका कंपनीची फ्लँज, बुधवारी दुसरीचा हब, शुक्रवारी ट्रॅक्टरचा गिअर ब्लँक. लॉट लहान, प्रकार अनेक. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सच्या आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० नवे औद्योगिक रोबोट बसले. बजाज ऑटोने चाकणला २०१० पासूनच माणसांशेजारी काम करणारे कोबॉट आणले होते. पुण्याच्या टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्सने २०१६ मध्ये ‘ब्रॅबो’ हा देशी रोबोट लोकांसमोर मांडला, तो छोटे-मध्यम कारखानदार डोळ्यांसमोर ठेवून. रोबोट छोट्या शेडमध्ये शिरला की ‘एका रोबोटवर किती प्रकारचे जॉब चालतील?’ हा प्रश्न त्याच्याबरोबर येतोच.

नेरळच्या या प्रोग्रामरचं उत्तर अनेकांना आवडत नाही. ते म्हणतात, जॉब बदलल्यावर काय बदलणार आणि काय बदलू द्यायचं नाही, हे आधी कागदावर लिहा, मग सांगतो.

हा विचार त्यांना गावातच सापडला होता, असं म्हणायला जागा आहे. माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तिची लोको शेड नेरळला आहे. दोन फुटी रुळांवर, अतिशय तीव्र वळणांच्या त्या मार्गासाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीकडून वाफेची इंजिनं आणली होती. त्यांत क्लीन-लिंडनर पद्धत वापरलेली होती, म्हणजे टोकाच्या आसांना वळणावर कडेला सरकण्याची आणि तिरपं होण्याची मुभा दिलेली होती. सगळंच सैल केलं असतं तर इंजिन रुळांवर राहिलं नसतं आणि सगळंच घट्ट ठेवलं असतं तर ते पहिल्याच वळणाला अडकलं असतं. नव्या पोरांना शिकवताना हे इंजिन ते हमखास फळ्यावर काढतात.

कामाची खरी सुरुवात प्रोग्राम लिहिण्याच्या आधी होते, आणि तिथेच घाई केली जाते. सहा सांध्यांच्या रोबोटला स्वतःचं मनगट कुठे आहे ते ठाऊक असतं, पण मनगटावर लावलेल्या ग्रिपरचं टोक नेमकं कुठे आहे हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी ग्रिपरमध्ये एक टोकदार पिन घट्ट धरायची आणि टेबलावर दुसरी तशीच उभी करायची. मग पेंडंटवरून अगदी कमी वेगात हात खाली आणत दोन्ही टोकं जेमतेम टेकवायची. मधून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवून बघायचं. तो अडखळत निघाला म्हणजे जमलं, फाटला म्हणजे जास्त दाबलं. तो पॉइंट नोंदवायचा, हात वर घ्यायचा, मनगट वेगळ्या कोनात वळवायचं आणि पुन्हा त्याच टोकावर यायचं. असे तीन-चार वेगवेगळे कोन झाले की कंट्रोलर हिशेब करून टोकाची जागा काढतो. शेवटी मनगट नुसतं फिरवून पाहायचं. पिनचं टोक जागचं हललं नाही तर टूल बरोबर बसलं. ते गोल फिरू लागलं तर सगळं पुन्हा.

हे करताना त्यांच्यामागे उभं राहून कुणी “अजून किती वेळ?” विचारलं, तर ते मान वर करत नाहीत. या अर्ध्या तासावर पुढची कित्येक वर्षं उभी असतात.

टूलनंतर फ्रेम, म्हणजे रोबोटला वस्तूची जागा आणि दिशा सांगणारी चौकट. लेथ, ट्रे, कन्व्हेअर, फिक्स्चर या प्रत्येकाला आपली फ्रेम हवी. तीन पॉइंट घ्यायचे: कोपरा, एका कडेची दिशा आणि पृष्ठभागावरचा तिसरा बिंदू. नंतरचे सगळे पॉइंट त्या फ्रेमच्या हिशेबाने घेतले, तर टेबल हललं तरी फक्त तीन पॉइंट पुन्हा घ्यावे लागतात. टेबल हलतंच. फोर्कलिफ्टचा धक्का लागतो, फाउंडेशन बोल्ट सैल होतो.

खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात त्यांना बोलावलं होतं ते अशाच कारणासाठी. दोन सीएनसी लेथ, मध्ये एक रोबोट, जॉब म्हणजे हब आणि फ्लँजचे फोर्जिंग. रोबोट-लेथचा हा सेल बसवणाऱ्यांनी पहिल्या जॉबचा प्रोग्राम चांगला केला होता. पुढे जॉब वाढत गेले तसा कारखान्यात जो हजर असेल त्याने जुना प्रोग्राम कॉपी केला, चार पॉइंट बदलले आणि नवं नाव दिलं. मेमरीत अशा कॉप्यांची रांग लागली. नावांवरून काही कळत नव्हतं. एकाच जॉबच्या दोन कॉप्या होत्या, आणि त्यांतली कोणती चालू, कोणती जुनी, हे फक्त दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला ठाऊक होतं. पावसाळ्याआधी मेंटेनन्सने एका लेथचं लेव्हलिंग केलं आणि मशीन काही मिलिमीटर सरकलं. सगळ्या कॉप्यांतले त्या लेथचे सगळे पॉइंट एका दिवसात निकामी झाले.

लोकांना वाटलं, आता हा माणूस एकेक पॉइंट दुरुस्त करत बसणार. त्यांनी पेंडंटला हातच लावला नाही. आधी सगळ्या जॉबची ड्रॉइंग मागवली, स्टोअरमधून प्रत्येकाचा एकेक नमुना आणला आणि टेबलावर ओळीने मांडला. व्हर्निअरने मोजून तक्ता केला: बाहेरचा व्यास, उंची, ग्रिपर किती खोल जायचा, कच्च्या जॉबचं वजन, तयार जॉबचं वजन, ट्रेमध्ये किती ओळी, दोन जॉबमधलं अंतर, कोणते जॉ (पकडीचे जबडे) लागतात, लेथमध्ये कोणता प्रोग्राम नंबर. मांडल्यावर दिसलं की हाताची वाट बहुतेक जॉबना तीच आहे. बदलतात ते आकडे. मग प्रोग्राम एकच राहिला आणि आकडे रजिस्टरमध्ये गेले. हबची उंची चाळीस असो की पंचावन्न मिलिमीटर, रोबोट त्याच वाटेने जातो, फक्त त्या उंचीइतका वर थांबतो. नवा जॉब आला की तक्त्यात एक ओळ भरायची, कमी वेगात एक फेरी मारून बघायची आणि पहिला पीस क्वालिटीला द्यायचा.

मात्र सगळंच एका प्रोग्राममध्ये कोंबायचा हट्टही त्यांना मान्य नाही. चाकणच्या बाजूला एका ठिकाणी त्यांनी असा ‘सर्वज्ञ’ प्रोग्राम पाहिला. फ्लँज, लांब शाफ्ट, उलटा करून लावायचा कास्टिंग, सगळं एकाच ठिकाणी आणि प्रत्येक पायरीला ‘अमुक जॉब असेल तर इकडे जा’. लिहिणारा हुशार होता यात वाद नाही. पण मध्यरात्री रोबोट थांबल्यावर तो कोणत्या ओळीवर, कशासाठी थांबला, हे उभ्या माणसाला वाचता येत नव्हतं. त्यांची रीत अशी: हालचाल सारखी असेल त्यांचं एक कुटुंब. चकतीसारखे जॉब एकीकडे, शाफ्ट दुसरीकडे, दिशा पाहून धरायचे कास्टिंग तिसरीकडे. कुटुंबाला एक प्रोग्राम, कुटुंबातल्या सदस्यांना आकड्यांची ओळ. आणि प्रोग्रामच्या दर टप्प्यावर एक साधी टीप, पुढे काय होणार आहे याची.

इथवर सगळं रोबोटच्या आतलं. बाहेरचा प्रश्न जास्त जोखमीचा आहे: समोर कोणता जॉब आहे, हे रोबोटला सांगतो कोण?

बहुतेक ठिकाणी ऑपरेटर स्क्रीनवर जॉब निवडतो, पीएलसी, म्हणजे सेलचा कंट्रोलर, तो नंबर तारांमधून रोबोटकडे पाठवतो. चार तारा असतील तर त्यांची किंमत आठ, चार, दोन, एक. जॉब नंबर तीन म्हणजे दोनची आणि एकची तार चालू. शून्यापासून पंधरापर्यंत सोळा आकडे त्यात बसतात, म्हणून कुणीतरी उत्साहाने पहिल्याच जॉबला शून्य नंबर देऊन टाकतो. हे त्यांनी एकाहून अधिक कारखान्यांत बदललं आहे. तार तुटली, कनेक्टर निघाला, कार्डचा फ्यूज उडाला, तरी रोबोटला शून्यच दिसतो. तेव्हा शून्याचा अर्थ ‘कोणताच जॉब नाही, जागचा हलू नकोस’ असाच हवा.

त्याहून घातक म्हणजे एकच तार तुटणं. एकची तार गेली तर तीनचा दोन होतो. दोन नंबरचा जॉबही खरोखर अस्तित्वात असतो, त्यामुळे रोबोटला यात काही वावगं वाटत नाही. तो बिनदिक्कत दोन नंबरच्या उंचीला जातो आणि तीन नंबरच्या उंच जॉबवर आदळतो. उपाय साधा आहे, पण दोन कंपन्यांच्या दोन माणसांनी एकत्र बसल्याशिवाय होत नाही. रोबोटने मिळालेला नंबर वेगळ्या तारांवरून पीएलसीला परत सांगायचा, पीएलसीने पाठवलेला आणि परत आलेला नंबर ताडून पाहायचा, जुळले तरच पुढे. हाच नंबर लेथच्या प्रोग्रामशीही जुळला पाहिजे. रोबोटने बरोबर हब लावला आणि लेथमध्ये फ्लँजचा प्रोग्राम असेल, तर टूल थेट जॉबमध्ये घुसतं. तिन्ही यंत्रं एकाच नंबरवर आली नाहीत तर सायकल सुरू होऊ द्यायची नाही, हा नियम त्यांनी कधी सैल केला नाही. सायकल टाइममध्ये यासाठी सेकंदाचा काही भाग जातो. त्यावरून त्यांची मीटिंगमध्ये खडाजंगी झाली आहे आणि ते मागे हटलेले नाहीत.

तारा जुळल्या तरी ट्रेमध्ये चुकीचा जॉब असू शकतो. याचा धडा त्यांना एका ब्रॅकेटने दिला.

गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. वजन तेच, उंची तीच, ग्रिपरने धरायची जागाही तीच. एका ट्रेमध्ये दोन-चार पीस मिसळले की डोळ्याला कळत नसे. डावा ब्रॅकेट उजव्याच्या फिक्स्चरमध्ये बसायचा, थोडा तिरका, आणि ड्रिल भलत्या जागी जायचं. कॅमेरा बसवायचं ठरत होतं. कोटेशन आलं होतं. रात्रपाळीला फेटलिंगमधून (कास्टिंग साफ करण्याच्या विभागातून) बदलून आलेले एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते कधी चुकत नव्हते. अंधारातही ते ब्रॅकेट उचलून योग्य ट्रेमध्ये टाकायचे.

“मामा, तुम्हाला कसं कळतं?”

“दादा, त्याच्या पोटाखाली हात घाला ना. यो डावा हाय. याचा उंचवटा अंगठ्याला लागतो. उजवा असला तर बोटांना लागला असता.”

त्या उंचवट्यावर सगळा उपाय उभा राहिला. रोबोट जॉब उचलल्यावर एका छोट्या स्टँडवर क्षणभर टेकवतो. स्टँडवर दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर आहेत, एक डाव्याच्या उंचवट्याखाली आणि एक उजव्याच्या. दोन्हींपैकी नेमका एकच लागला पाहिजे, आणि तो निवडलेल्या जॉबचा पाहिजे. एकही लागला नाही किंवा दोन्ही लागले, तर रोबोट थांबतो. पुढची पायरी त्यांनी नंतर घातली, आणि ती जास्त महत्त्वाची: जॉब उचलून नेल्यावर दोन्ही सेन्सर बंद झाले का, हेही दर वेळी तपासायचं. कारण सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा बुरा चिकटला की तो कायम ‘जॉब आहे’ असंच सांगत राहतो. कॅमेऱ्याचं कोटेशन फाइलमध्येच राहिलं.

जपानचे शिगेओ शिंगो यांची पोका-योकेची, म्हणजे चूक होऊच न देण्याच्या युक्तीची, गोष्ट इथे आठवावी अशी आहे. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगोंनी सुचवलं की आधी दोन्ही स्प्रिंग एका बशीत काढून ठेवा, मग बसवा. बशीत स्प्रिंग उरली की चूक तिथल्या तिथे दिसते. कामगाराला दम देऊन जे साधलं नव्हतं ते बशीने साधलं. युनिमेट कारखान्यात आला तेही हेच वर्ष, आणि गंमत नव्हे, खरोखर दोन्ही गोष्टी एकत्र शिकवायला हव्यात.

कॅमेऱ्याला त्यांचा विरोध नाही. अस्ताव्यस्त पडलेले जॉब उचलायचे असतील तर त्याला पर्याय नाही. पण कॅमेरा जॉब पाहत नाही, जॉबवरून परतलेला प्रकाश पाहतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी छपराच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन तिरकं आत येतं, जुलैमध्ये दुपारी दिवे लावावे लागतात. गंजरोधक तेल लावलेला जॉब चकाकतो, पावसात गंजलेला काळा पडतो. स्वतःचा दिवा आणि वर झाकण, एवढं नसेल तर कॅमेरा लावू नका, हे त्यांचं मत ठाम आहे.

वजनाची गोष्ट लोक विसरतात. दहा किलोचा रोबोट म्हणजे दहा किलोचा जॉब उचलणारा रोबोट नव्हे. त्या दहात ग्रिपरही आला. चार किलोचा दुहेरी ग्रिपर आणि अडीच-अडीच किलोचे दोन जॉब, एक कच्चा आणि एक तयार, म्हणजे नऊ किलो झाले. मग मार्केटिंगवाले साडेतीन किलोच्या जॉबची ऑर्डर आणतात आणि ‘फक्त एक किलोने जड’ असं सांगतात. दोन हातांत मिळून दोन किलो वाढले, एकूण अकरा. रोबोट पहिल्या दिवशी काही बोलत नाही. काही महिन्यांनी सांध्यांमधून आवाज येऊ लागतो, मोटर तापते, ओव्हरलोडचे अलार्म येतात. शिवाय जॉब उचलल्यावर आणि ठेवल्यावर, दोन्ही वेळा, आता हातात किती वजन आहे हे रोबोटला सांगावं लागतं. ते नाही सांगितलं तर टक्कर ओळखण्याची त्याची यंत्रणा भलत्या वेळी त्याला थांबवते किंवा खऱ्या टकरीला उशिरा जागी होते. म्हणून तक्त्यात वजनाचे दोन रकाने.

आणि पाऊस. खालापूर-कर्जत पट्ट्यात जुलैमध्ये काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. रोबोट अर्ध्या वाटेवर थांबलेला, हातात जॉब. लाइट आल्यावर ऑपरेटर स्टार्ट दाबतो. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू झाला तर रोबोट भरल्या हाताने पुन्हा ट्रेकडे जॉब उचलायला जातो, आणि धातूवर धातू आपटल्याचा जो आवाज येतो त्याने सगळी शेड वळून बघते. अशा धडकेनंतर ग्रिपर वाकडा होतो, टूल बदलतं, पिनपासून सगळं पुन्हा करावं लागतं, आणि लॉट मात्र सकाळच्या गाडीत जायचा असतो.

वेगवेगळे जॉब असले की हे आणखी बिकट होतं. नुसतं ‘हात भरलेला आहे’ एवढं कळून भागत नाही. हातात कोणता जॉब आहे, कच्चा की तयार, कोणत्या पायरीवर थांबलो होतो, ट्रेमधली कितवी जागा चालू होती, हे सगळं हवं. ही माहिती लाइट गेल्यावरही टिकणाऱ्या रजिस्टरमध्ये, दर पायरीला आधी नोंद मग हालचाल या क्रमाने लिहायची, असा त्यांचा शिरस्ता. सुरू होताना प्रोग्राम सर्वांत आधी नोंद आणि ग्रिपरचे सेन्सर ताडून पाहतो. नोंद म्हणते हात भरलेला आणि सेन्सर म्हणतो रिकामा, तर कुणावरच विश्वास न ठेवता थांबायचं आणि माणसाला विचारायचं. तो प्रश्नही त्याला कळेल असा हवा. एका पेंडंटवर देवनागरी उमटत नव्हती, तेव्हा त्यांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिलं: ‘हातात जॉब आहे. काढून ठेवा. मग होम दाबा.’ इंग्रजी अलार्म नंबर पाहून फोन करणारे ऑपरेटर हा निरोप वाचून स्वतःच मार्ग काढू लागले. रात्री नेरळला येणारे फोन कमी झाले, हा त्यातला घरच्यांना पटलेला फायदा.

होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागेला, परतण्याची वाटही जॉबप्रमाणे बदलते. आखूड फ्लँज हातात असताना रोबोट लेथच्या दारातून सरळ बाहेर येऊ शकतो. लांब शाफ्ट असेल तर आधी मनगट वळवून मगच. म्हणून कुठूनही सरळ होमकडे धावणारा प्रोग्राम त्यांनी कधी दिला नाही.

सुरक्षेच्या बाबतीत त्यांचं बोलणं एकदम कमी होतं आणि आवाज कडक होतो. शिकवताना रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, हे आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेलं आहे. पेंडंटमागचं बटण तीन स्थितींचं असतं: सोडलं तरी रोबोट थांबतो, घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो, मधल्या हलक्या दाबावरच चालतो. ते बटण टेप लावून दाबून ठेवलेलं दिसलं तर ते काम सोडून बाहेर येतात. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा पंचवीस वर्षांचा कामगार भाग काढण्यासाठी रॅकवर चढला आणि रोबोटच्या हाताच्या तडाख्याने गेला. रोबोटमुळे झालेला तो पहिला नोंदलेला मृत्यू मानतात. जॉब अडकला, मोजणी चुकली, की माणूस आत शिरतो. त्यामुळे जॉबचा हिशेब बरोबर ठेवणं हा त्यांच्या लेखी उत्पादनाइतकाच जिवाचा प्रश्न आहे.

रोबोट आल्यावर माणसांचं काय होतं, याबद्दल ते गोड बोलत नाहीत. लोडिंग-अनलोडिंगची कामं गेली, आणि ती बहुतेक कंत्राटी माणसांची होती. कायम कामगारांतले काही सेटर झाले, काही क्वालिटीत गेले. ज्यांना कारखान्याने वेळ काढून शिकवलं त्यांचं चांगलं झालं. ज्यांना शिकवलं नाही ते दुसऱ्या गेटवर उभे राहिले. मामांना मात्र त्या सेलवरच ठेवून घेतलं, कारण नवा कास्टिंग आला की त्याच्या पोटाखाली आधी त्यांचाच हात जातो.

हल्ली कर्जतच्या आसपासची पोरं त्यांच्याकडे येतात, आयटीआयची, डिप्लोमाची, कोकण ज्ञानपीठच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. कॉम्प्युटरवर सिम्युलेशन सफाईदार करतात. ते त्यांना पहिला आठवडा पेंडंट देतच नाहीत. जॉब मोजायला लावतात, वजन करायला लावतात, जॉ बदलायला लावतात, बुरा झाडायला लावतात. काही पोरं कंटाळून निघून जातात. जी टिकतात त्यांना पुढे फार शिकवावं लागत नाही.

कारखानदारांना त्यांचं एकच सांगणं आहे, आणि ते प्रत्येक पहिल्या मीटिंगला सांगतात. ग्रिपरची ऑर्डर देण्याआधी तुमच्या सगळ्या जॉबची ड्रॉइंग टेबलावर ठेवा, आज चालणारे, वर्षाकाठी एकदाच येणारे आणि ज्यांची चौकशी नुकती आली आहे तेही. प्रत्येकाचा एक कच्चा आणि एक तयार नमुना आणा. आणि त्या मीटिंगला मशीनवरचा ऑपरेटर बोलवा, खुर्ची द्या, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कोटेशनवर सही करू नका.